घाट उतरताना एक वही घ्या

कोल्हापूरला समुद्र नाही, पण शनिवारी पहाटे गगनबावड्याच्या नाहीतर आंबा घाटाच्या रस्त्याला लागून बघा. एमएच ०९ च्या गाड्या एकामागोमाग घाट उतरत असतात. कुणी गणपतीपुळ्याला, कुणी कुणकेश्वरला, कुणी फोंड्यावरून मालवण-तारकर्लीला, तर कुणी आजऱ्यामार्गे आंबोली उतरून वेंगुर्ल्याला. सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा मामला. आपल्यातली कितीतरी घरं वर्षातून दोन-तीनदा तरी खाली जातात, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्याच गावात, त्याच ओळखीच्या खानावळीत, त्याच किनाऱ्यावर.

परत येताना गाडीत कोकम, काजू आणि सुके मासे असतात. मोबाइलमध्ये शे-दोनशे फोटो असतात. त्या फोटोंत आपली तोंडं वगळून दुसरं जिवंत काही शोधायला गेलं तर फार तर एखादा कुत्रा सापडतो. ही विनंती त्याबद्दलच आहे. पुढच्या खेपेला एक साधी दोनशे पानी वही बरोबर घ्या. किनाऱ्यावर जे जिवंत दिसेल ते लिहा, मेलेलं दिसेल तेही लिहा, तारीख घालून लिहा. आणि त्यानंतरच्या खेपेला त्याच जागी उभं राहून पुन्हा लिहा.

"आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत का?" असं कुणीतरी म्हणणारच. नाही, आणि असायची गरजही नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं उदाहरण घ्या. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेची माणसं २००२ साली त्या भागात फिरत होती ती समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी. गरुड शोधता शोधता त्यांना कळलं, की इथल्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात आणि ती अंडी चोरीला जातात. गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायचं काम तिथून सुरू झालं. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि हळूहळू रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या किती तरी किनाऱ्यांवर हेच काम उभं राहिलं. कासवं येतात हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतंच की! कागदावर मात्र ते नव्हतं, त्यामुळे गावाबाहेरच्या कुणाच्याही लेखी ते घडतच नव्हतं.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या वल्ह्यावर धातूचा छोटा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर आकडा होता. तो आकडा वाचला गेला, लिहिला गेला, कळवला गेला. तेव्हा उलगडलं, की हा बिल्ला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. बंगालच्या उपसागरातलं कासव श्रीलंकेला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर कापून कोकणात आलेलं! त्याआधी २०२३ मध्ये गुहागरहूनच उपग्रह यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' नावाची मादी उलट्या दिशेने श्रीलंकेकडे गेलेली आपण बातम्यांत वाचली होती. यंत्र महागाचं असतं, ते लावायला तज्ज्ञ लागतात. बिल्ल्यावरचा आकडा वाचायला डोळे आणि पेन पुरतं.

तर आता कामाला लागू.

पहिलं काम किनारा निवडायचं. एकच निवडा. दर वेळी नवा किनारा बघायची हौस मी समजू शकतो, पण नोंदीच्या दृष्टीने दहा किनाऱ्यांवर एकेकदा जाण्यापेक्षा एका किनाऱ्यावर दहादा जाणं कितीतरी मोलाचं. बदल त्याच जागी परत गेल्यावरच दिसतो. तुमच्या नेहमीच्या मुक्कामाजवळचा, एका टोकाला खडक आणि एका टोकाला खाडीचं तोंड असलेला एखादा पट्टा मिळाला तर उत्तम, कारण वाळूतले, खडकातले आणि चिखलातले जीव वेगवेगळे असतात. त्यातला अर्धा-पाऊण किलोमीटर ठरवून टाका: अमुक सुरूच्या बनापासून तमुक ओहोळापर्यंत. दर वेळी तेवढंच चाला.

दुसरं काम भरती-ओहोटीचं. घाटावरचा माणूस इथेच गडबडतो. दुपारी जेवून, झोप काढून चार वाजता किनाऱ्यावर येतो, तेव्हा नेमकी भरती असते. मग "इथं काहीच नाही" म्हणून वडापाव खातो आणि परततो. समुद्राचं खरं दुकान उघडतं ते ओहोटीला. कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे आणि त्याला फक्त भिंतीवरची दिनदर्शिका लागते. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीचीही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण आपलं काम भागतं. फोनवर तक्ते मिळतात तेही बघा. मात्र हा हिशेब पोरांना शिकवा, पाढ्यांचा एवढा चांगला उपयोग शाळेत क्वचितच दाखवतात.

यातून आपल्या सोयीचे दिवसही निघतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाण्याची हालचाल मंदावलेली असते. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो. द्वितीया-तृतीयेला भरती दीड ते सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठला. उजेड चांगला, ऊन कोवळं, खडक उघडे. कोल्हापूरकरांसाठी याहून सोयीचा मुहूर्त नाही. आणि संकष्टीला गणपतीपुळ्याला जाणारे आपल्याकडे थोडे नाहीत. चतुर्थीला ओहोटी सव्वानवाच्या आगेमागे येते. सकाळी लवकर दर्शन घेऊन किनाऱ्याच्या कडेकडेने तासभर चालता येतं. पाण्यात मात्र उतरू नका. तिथला समुद्र पोहायला दगाबाज आहे, हे आपल्याकडच्या बऱ्याच घरांना वेगळं सांगायला नको. खडकांवर असाल तर पाणी वळलं की माघारी फिरा.

वहीत काय लिहायचं? वर तारीख, तिथी, गावाचं आणि किनाऱ्याचं नाव, चालायला सुरुवात केल्याची आणि संपवल्याची वेळ, ओहोटी की भरती, किती जण बघत होते. त्याखाली जे दिसलं ते, आकड्यासकट. "पुष्कळ पक्षी" हे वाक्य वहीत नको. "कुरव, अंदाजे ६०, खाडीच्या तोंडाशी वाळूवर बसलेले, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे" हे चालेल. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा आणि तेवढ्या मापाने पुढे सरका. नाव येत नसेल तर वर्णन लिहा: मैनेएवढा, चोच डोक्याच्या दुप्पट लांब, पाय पिवळे, शेपटी सारखी हलवतो. नाव नंतर सापडतं. घाईने लिहिलेलं चुकीचं नाव मात्र वहीत कायमचं बसतं, म्हणून खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि त्याची लाज वाटू देऊ नका.

काहीच दिसलं नाही तर तेही लिहा. लोक हेच विसरतात. "तासभर चाललो, एकही समुद्री बगळा नाही" ही नोंद आज निरुपयोगी वाटते. पाच वर्षांनी तिच्याशिवाय बाकीच्या नोंदींचा अर्थ लागत नाही. फक्त नवलाच्या गोष्टी लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटतं, किनाऱ्यावर रोज नवलच घडतं.

फोटो काढा, जरूर काढा, पण नोंदीसाठीचा फोटो वेगळा असतो. शिंपला, खेकडा, पायाचा ठसा, मेलेला मासा, काहीही असो, शेजारी मापाला पेन किंवा चप्पल ठेवा. कोल्हापुरी असेल तर आणखी शोभा! एक फोटो वरून, एक बाजूने, एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा. मूळ फोटो जपून ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोतून तारीख आणि ठिकाणाची माहिती गळून पडते. दहा गटांतून फिरून आलेला देवमाशाचा फोटो कुठला नि कधीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

सराव कुठे करायचा, तर रंकाळ्यावर. संध्याकाळी भेळ खायला जातोच, एखाद्या दिवशी सकाळी सहाला जा. हिवाळ्यात तळ्याकाठच्या चिखलात तुतवार दिसतात, धोबी दिसतात. उथळ पाण्यात लाल पायांचा शेकाट्या, उघड्या पाण्यावर चांदवे आणि पाणकावळे. कळंब्याला गेलात तर गर्दी कमी. तुतवार-चिखल्यांच्या कुळातले पक्षी उत्तरेकडून येतात, काही आपल्या तळ्यांवर थांबतात, तर काही घाट ओलांडून खाडीवर उतरतात. काठावरचे हे करडे-तपकिरी पक्षी ओळखायला भल्याभल्यांना जड जातात. घरापासून दहा मिनिटांवर त्यांची ओळख करून घेतली तर देवबागच्या खाडीत बावरायला होणार नाही. दुर्बीण आठ बाय चाळीसच्या आसपासची पुरते. नसली तरी अडत नाही, वही हवी.

सगळ्यांत मोठा ग्रंथ मात्र किनाऱ्यावर राहणारी माणसं आहेत. मालवणकडे सकाळी रापण ओढताना दिसली तर थांबा. दोर ओढायला हात लावला तर रापणकर नाही म्हणत नाहीत, आणि ओळखही होते. जाळ्यात तारली, बांगडा, मुडदुशी काय काय आलं, कुठला मासा यंदा उशिरा आला, कुठला दिसेनासा झाला, हे त्यांच्याकडून ऐका आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यांनी सांगितलेलं नाव खोडून पुस्तकातलं नाव लिहू नका; दोन्ही लिहा. फोटो विचारून काढा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, आपण तिथे तपासनीस म्हणून गेलेलो नाही. जाळ्यात कासव अडकलं की लगेच मोबाइल वर करून मच्छीमाराला गुन्हेगार ठरवणारे पर्यटक मी पाहिलेत, आणि मला त्यांचा राग येतो. जाळ्यात अडकणं हा अपघात असतो. कासव, डॉल्फिन किंवा बहिरी देवमासा अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना राज्य सरकारने २०१८ मध्ये आणली. त्यासाठी सुटकेचं चित्रण पुरावा म्हणून लागतं. तुमचा मोबाइल वर करायचाच असेल तर तो त्याच्या बाजूने वर करा.

थंडी सुरू झाली की कासवांचा हंगाम येतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री येते, वाळूत हात-दीड हात खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पहाटे तिचा माग दिसतो: पाण्यातून वर आलेला आणि परत पाण्यात गेलेला, उसाच्या ट्रॅक्टरचं एकच चाक फिरल्यासारखा. तो दिसला तर त्यावरून चालू नका, उकरू तर अजिबात नका. फोटो घ्या, मापाला चप्पल ठेवा, आणि गावातल्या कासवमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जागेचा नकाशा मात्र गटागटांत टाकू नका. घरट्याचा पत्ता जितक्या लोकांना कळतो तितका तो चोरालाही कळतो. मादी प्रत्यक्ष दिसली तर बॅटरी बंद, फ्लॅश बंद, मागे सरका. घाबरली तर अंडी न घालताच परत फिरते. पिल्लांना समुद्राची दिशा उजेडावरून कळते. हॉटेलचा झगझगाट, गाडीचे दिवे यांनी ती जमिनीकडे चालू लागतात.

गाड्यांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. चारचाकी वाळूत घालून गोल गोल फिरवायची नवी खोड लागली आहे. रुतलेली गाडी भरतीच्या पाण्यातून जेसीबीने ओढून काढतानाचे व्हिडिओ आपण हसत बघतो. पण चाकाखाली काय काय जातं? वाळूतली खेकड्यांची बिळं, काठावर उघड्यावर अंडी घालणारे पक्षी, कासवाची घरटी. आपल्या पासिंगची गाडी वाळूत दिसली की मला मान खाली घालावीशी वाटते. गाडी सुरूच्या बनापाशी लावा आणि चाला. पायाला काही होत नाही, आपण पन्हाळा चढणारी माणसं आहोत.

तारकर्लीला डॉल्फिन बघायला होडीने जाल तेव्हा होडीवाल्या भाऊंना आधीच सांगा, "पाठलाग करू नका, दिसले की इंजिन हळू करा, नाही दिसले तरी पैसे पूर्ण देतो." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, पाठलाग होतो तो गिऱ्हाइकाच्या हट्टापायी. किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक कुबडवाले डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर, तेवढं बघा. किती होते, बरोबर पिल्लू होतं का, कुठल्या दिशेने गेले, किती वाजता, हे लिहा.

शंख-शिंपल्यांची पिशवी भरून आणू नका. रिकामा दिसणारा शंख कुणा शंखातल्या खेकड्याचं उद्याचं घर असतं. काही जातींचे शंख आणि सगळी प्रवाळं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे तिथे वर्षानुवर्षं जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. कोनाच्या आकाराचा देखणा जिवंत शंख हातात घेऊ नका, काहींचा डंख जिवावर बेततो. जाळ्यातून वाळूवर फेकलेला समुद्री साप मेलेला समजून उचलू नका. उथळ पाण्यात पाय घासत चाला म्हणजे वाळूत दडलेली वागळी आधीच पळून जाते. खडकावर कालवं असतात, अनवाणी पोरांचे तळवे कापतात.

मोठा जीव वाहून आला तर काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवा, कारण तेव्हा कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलं. वन विभाग, स्थानिक लोक, बचावाची पथकं यांनी दोन दिवस झटून ते पाण्यात नेलं, तरी शेवटी ते जगलं नाही. बघायला गर्दी लोटली होती. अशा वेळी मदत करायची तर पहिली मदत म्हणजे १९२६ ला फोन. दुसरी म्हणजे लोकांना मागे सारणं. अंग ओलं राहील एवढं पाणी टाका, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात एक थेंबही जाता कामा नये. शेपटी धरून ओढायची नाही. जनावर मेलेलं असेल तर हात न लावता लांबी पावलांनी मोजा, तोंडात दात आहेत का ते बघा, बाजूने आणि शेपटीचा फोटो घ्या, अंगावर जाळ्याचे वळ किंवा पंख्याचे घाव असतील तर तेही टिपा. हे चार-पाच फोटो नंतर येणाऱ्या अभ्यासकाला फार उपयोगी पडतात. पुढच्या भरतीला ते धूड तिथे असेलच असं नाही.

नोंदी द्यायच्या कुठे? पक्ष्यांच्या यादीसाठी ईबर्ड आहे, बाकी सगळ्या जिवांसाठी आयनॅचरलिस्ट. दोन्ही फुकट. आयनॅचरलिस्टवर तुम्ही टाकलेल्या फोटोला जगातले जाणकार नाव सुचवतात, आणि संकटातल्या जातींचं नेमकं ठिकाण झाकून ठेवायची सोयही तिथे आहे. मुंबईत २०१७ साली सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या लोकांच्या उपक्रमाने हाजी अली, गिरगाव, जुहूसारख्या किनाऱ्यांवर ओहोटीत फिरून शेकडो जातींची नोंद केली. गटाराचा समुद्र म्हणून ज्याच्याकडे नाक दाबून पाहिलं जायचं, त्यात प्रवाळ सापडलं. मग आपल्या स्वच्छ कोकणात काय काय असेल!

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, फेब्रुवारीत चार दिवसांची मोठी पक्षीगणना असते, ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. या तारखांना एखादी खेप जुळवता आली तर बघा. नाही जुळली तरी हरकत नाही.

आणि नोंदींची एक प्रत गावाला द्या. वर्षअखेर वहीतली पानं झेरॉक्स करून तिथल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत नेऊन ठेवा. त्यांच्या किनाऱ्याची माहिती आपण फोनवरून कुठल्या कुठे पाठवणार आणि त्यांच्या हाती काहीच नाही, हे बरं नव्हे. उद्या तिथे जेटी बांधायची, वाळू उपसायची, रिसॉर्टला परवानगी द्यायची अशी वेळ आली, की "इथे कासवं येतात" हे ग्रामसभेत नुसतं तोंडी सांगून भागत नाही. तारखा मागतात. तुमच्या वहीत त्या असतील. पुढच्या द्वितीयेची तारीख आजच दिनदर्शिकेत बघून ठेवा. शनिवार-रविवारला लागून येत असेल तर खोलीचं आरक्षण आताच करा, हंगामात मिळत नाही.